दुपारच्या जेवणाऐवजी शेक: आठ-नऊ महिने वापरल्यानंतर

मी सांगलीत एका औषध कंपनीत एमआर, म्हणजे डॉक्टरांना भेटून औषधांची माहिती देणारा प्रतिनिधी आहे. आमच्या कंपनीचा असला कुठलाही शेक नाही, त्यामुळे पुढे जे लिहितोय ते निव्वळ गिऱ्हाईक म्हणून. गेले आठ-नऊ महिने कामाच्या दिवशी मी दुपारच्या जेवणाऐवजी मील रिप्लेसमेंट शेक घेतो. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही. एकाच ब्रँडच्या दोन फ्लेवरमध्ये साखर वेगवेगळी असते आणि डब्यावरचं मिश्रणही अधूनमधून बदलतं. त्यापेक्षा डब्यामागचा तक्ता कसा वाचायचा ते सांगितलेलं जास्त उपयोगी पडेल.

आधी गरज का पडली ते सांगतो, कारण निवड त्यावरच ठरते. डॉक्टरांची सकाळची ओपीडी संपत आली की मग आम्हाला आत बोलावतात. म्हणजे दीड ते साडेतीन ही आमची खरी कामाची वेळ. मिरजेत एकामागून एक कॉल (डॉक्टरांच्या भेटी) असले की डबा गाडीच्या डिकीतच राहतो. जत किंवा विट्याला गेलो तर डबा उघडायला धड जागाही मिळत नाही. मग चार वाजता पोटात कावळे ओरडायला लागले की समोर दिसेल ते. दोन वडापाव आणि चहा, कधी मिसळ. सहाशेच्या आसपास कॅलरी पोटात जातात, प्रथिनं मात्र जेमतेम. वर रात्री दहाला भरपेट जेवण. या रगाड्यात वजन ८४ किलोवर गेलं आणि एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी) ६.१ आला. डॉक्टरांनी मधुमेहपूर्व अवस्था सांगितली, गोळी दिली नाही, दुपारचं खाणं सुधारा म्हणाले.

म्हणून मला बदलायचं होतं ते फक्त हे चार वाजताचं खाणं. सकाळचे पोहे किंवा भाकरी आणि रात्रीचं घरचं जेवण याला मी हात लावलेला नाही, लावायची इच्छाही नाही.

आता मुख्य मुद्दा. मेडिकलच्या फळीवर शेजारी-शेजारी मांडलेले डबे दिसायला सारखे असले तरी त्यांत चार वेगळ्या जाती आहेत, आणि बहुतेकांची गल्लत इथेच होते. पहिली, दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी. लहानपणापासून घरोघरी असलेल्या. त्यांत साखर भरपूर आणि प्रथिनं बेताची. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना बोर्नव्हिटासकट अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितलं होतं, कारण २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' नावाचा प्रकारच नाही. दुसरी जात व्यायाम करणाऱ्यांच्या व्हे प्रोटीनची, म्हणजे दुधाच्या निवळीतून काढलेल्या प्रथिनांची. एका मापात साधारण २४ ग्रॅम प्रथिनं आणि १२० कॅलरी. प्रथिनं उत्तम, पण त्याला जेवण म्हणता येत नाही. तंतू (फायबर) नाहीत, जीवनसत्त्वं जवळपास नाहीत, पोटही टिकत नाही.

तिसरी जात रुग्णांसाठीच्या पोषण पावडरीची, आणि हिच्याबद्दल मला कळकळीने सांगायचंय. ऑपरेशननंतर, कॅन्सरच्या उपचारांत किंवा वय झाल्यामुळे ज्यांना पुरेसं खाल्लं जात नाही, त्यांना थोडक्यात जास्त कॅलरी मिळाव्यात म्हणून ती बनवलेली असते. वजन भरून यावं हाच तिचा हेतू. त्या कामासाठी ती चांगलीच आहे. पण वजन कमी करायला निघालेली माणसं 'डॉक्टरही हेच देतात' म्हणून तोच डबा उचलतात, हे मी काउंटरवर उभं राहून कितीतरी वेळा पाहिलंय. मधुमेहींसाठी त्यातच वेगळा प्रकार येतो, तोही डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

चौथी जात खऱ्या मील रिप्लेसमेंटची. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न मानकांत १९९१ पासून याची चौकट ठरलेली आहे. वजन कमी करण्यासाठी एका जेवणाच्या जागी घ्यायच्या पदार्थात २०० ते ४०० कॅलरी असाव्यात, त्यातल्या २५ ते ५० टक्के प्रथिनांतून याव्यात आणि स्निग्धांशातून ३० टक्क्यांहून जास्त येऊ नयेत. जीवनसत्त्वं आणि खनिजंही हिशोबाने घातलेली असावीत. डब्यावर 'मील' लिहिलंय की नाही यापेक्षा हे गणित जमतंय का ते बघा. गणित अगदी सोपं आहे: प्रथिनांचे ग्रॅम गुणिले चार, भागिले एकूण कॅलरी, गुणिले शंभर.

सुरुवातीला मी मुद्दाम वेगवेगळ्या प्रकारचे छोटे पॅक घेऊन पाहिले. एकावर पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात 'हाय प्रोटीन' होतं. मागे पाहिलं तर एका मापात २१५ कॅलरी आणि ८ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे १५ टक्केसुद्धा नाहीत. तो प्यायलो की दोन तासांत पुन्हा भूक. दुसऱ्यात प्रथिनांचा आकडा छान दिसत होता, पण बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'दुधासह'. निम्मी प्रथिनं दुधाची, म्हणजे ती आपल्याच पैशाची. तक्त्यात 'प्रति १०० ग्रॅम' आणि 'प्रति सर्व्हिंग' असे दोन रकाने असतात आणि माप ३० ते ६० ग्रॅमपर्यंत कितीही असू शकतं. त्यामुळे दोन डब्यांची तुलना करताना १०० ग्रॅमचाच रकाना धरावा.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. पहिली तीन नावं वाचली की डब्याचा स्वभाव कळतो. तिथे माल्टोडेक्स्ट्रिन दिसलं तर मी डबा परत ठेवतो. हा स्टार्चपासून केलेला पदार्थ तक्त्यात साखरेच्या ओळीत मोजला जात नाही, पण रक्तातली साखर भराभर वाढवतो. त्यामुळे 'साखर घातलेली नाही' हे वाक्य खरं असूनही माझ्यासारख्याच्या कामाचं नाही.

शेवटी जो ठरला, त्यात ५२ ग्रॅमच्या मापात २०५ कॅलरी, २० ग्रॅम प्रथिनं, ६ ग्रॅम तंतू आणि २ ग्रॅम साखर आहे. यादीत आधी व्हे आणि सोया, मग ओट्सचं पीठ. २०० मिली टोन्ड दुधात घेतला की सव्वातीनशेच्या आसपास कॅलरी आणि २६ ग्रॅम प्रथिनं होतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. म्हणजे जवळपास निम्मी एका ग्लासात.

वापरायच्या गोष्टी आता. शेकरमध्ये आधी दूध, मग पावडर. उलटं केलं तर तळाला गोळा बसतो आणि कितीही हलवला तरी सुटत नाही. हलवल्यावर पाच मिनिटांच्या आत प्यावा. ओट्स आणि गवार डिंकामुळे तो दाटत जातो आणि दहा मिनिटांनी गिळगिळीत लागतो. मी पावडर घरून स्टीलच्या कोरड्या डबीत मोजून नेतो आणि दूध जिथे असेन तिथे गार घेतो. घरून शेक तयार करून डिकीत ठेवायचा विचारही करू नका. सांगलीच्या एप्रिलमधल्या उन्हात दूध तासाभरात नासायला लागतं. शेकरच्या झाकणातली रबरी रिंग रोज काढून धुवायची. तिच्या खाचेत दुधाचा अंश राहतो आणि दोन दिवसांत असा वास धरतो की साबणाने जात नाही. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून रात्रभर ठेवलं की जातो.

पोटाने पहिले काही दिवस तक्रार केली. गॅस, गुडगुड, फुगल्यासारखं. यातल्या तंतूंत इन्युलिन असतं, ते चिकोरीच्या मुळापासून काढतात आणि सवय नसलेल्या पोटात ते वायू करतं. आठवडाभर अर्ध्या मापावर आलो, मग हळूहळू पूर्ण माप घेतलं, तेव्हापासून त्रास नाही. ज्यांना दूध पचत नाही त्यांनी सोया किंवा वाटाण्याच्या प्रथिनांचा शेक पाण्यात घ्यावा.

चव मध्यम. व्हॅनिलाचा गोडवा जिभेवर बराच वेळ रेंगाळतो, तो सुक्रालोज या कृत्रिम गोडीचा. वेलची-केशरमध्ये तो कमी जाणवतो, म्हणून मी त्यावर स्थिरावलो. चॉकलेट मला झेपलं नाही.

भूक किती वेळ थांबते हा खरा कस. नुसता शेक घेतला तर माझी भूक अडीच-तीन तास थांबते. पातळ पदार्थ चावावा लागत नाही, त्यामुळे जेवल्यासारखं वाटत नाही, हे शेक घेणारे बहुतेक जण सांगतील. यावर मला सापडलेला उपाय म्हणजे बरोबर मूठभर फुटाणे किंवा एक पेरू. तेवढ्यावर संध्याकाळी सहापर्यंत निभावतं आणि मुख्य म्हणजे रात्रीच्या जेवणाला मी वखवखलेला नसतो. सगळ्यात मोठा फरक मला इथेच दिसला. रात्रीच्या तीन-चार चपात्या आपोआप दोनवर आल्या.

वजन ८४ वरून साडेएकोणऐंशीवर आलंय, हळूहळू. एचबीए१सी ५.८. याचं सगळं श्रेय शेकला देता येणार नाही, कारण त्याच काळात रात्रीचं जेवणही लवकर व्हायला लागलं आणि चालणं वाढलं. पण वडापाव सुटला तो शेकमुळेच.

घरच्या पर्यायाचाही हिशोब करून पाहिला, कारण आईने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, 'अरे, त्या डब्यात असं काय आहे जे आपल्या घरात नाही?' ४० ग्रॅम फुटाण्याचं पीठ, १५ ग्रॅम भाजलेल्या दाण्यांचं कूट आणि पाव लिटर दूध. यात सुमारे २० ग्रॅम प्रथिनं आणि पावणेचारशे-चारशे कॅलरी होतात. सालासकट दळलेले फुटाणे असतील तर तंतूही चांगले मिळतात. खर्च पंचवीस-तीस रुपये. माझा शेक दूध धरून सव्वाशेला पडतो. चवीला घरचं सरस, पोटही जास्त वेळ भरलेलं राहतं. गूळ मात्र चिमूटभरच, नाहीतर सगळा हिशोब कोलमडतो. त्यात नाहीत ती वरून घातलेली जीवनसत्त्वं, लोह, ड जीवनसत्त्व वगैरे. दिवसातली बाकीची दोन जेवणं नीट असतील तर त्यावाचून अडत नाही. सध्या मी सांगली-मिरजेत असेन तेव्हा आईचं पीठ नेतो आणि बाहेरगावच्या दौऱ्याला शेक, कारण पीठ नीट मिसळायला हाताशी ग्लास, चमचा आणि पाच मिनिटांची उसंत लागते.

काही जणांनी मात्र हा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नये. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि दुपारचं जेवण एकदम कमी कर्बोदकांच्या शेकवर आणलं, तर साखर खाली घसरू शकते. घाम, थरथर, चक्कर, आणि त्यात गाडी चालवत असाल तर विचारायलाच नको. ब्रिटनमधल्या डायरेक्ट या अभ्यासात सुरुवातीचे काही महिने दिवसभर फक्त शेक-सूपवर ठेवून ४६ टक्के रुग्णांचा टाइप २ मधुमेह वर्षभरात आटोक्यात आला होता. २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाल्यापासून त्याचा दाखला जिकडेतिकडे दिला जातो. पण तिथे मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या आणि सगळं दवाखान्याच्या देखरेखीखाली चाललं होतं. हा अर्धा भाग सांगायचा राहून जातो.

मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी प्रथिनं वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: या शेकमध्ये कॅल्शियम, लोह आणि बऱ्याचदा सोया असतो आणि तिन्हींमुळे थायरॉक्सिन (त्या गोळीतलं औषध) नीट शोषलं जात नाही. ओळखीच्या एका शिक्षिका ताई सकाळी गोळी घेऊन अर्ध्या तासात शेक घ्यायच्या, त्यांचा टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) विनाकारण वर गेला होता. शेकची वेळ दुपारवर न्यायला सांगितली, पुढच्या तपासणीत आकडा जागेवर आला. दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा.

खरेदीचं म्हणाल तर मोठा डबा एकदम घेऊ नका. सॅशे मिळतात, ते महाग पडले तरी आधी तेच घ्या, कारण चव आणि पोट दोन्ही आठवड्याभरात कौल देतात. ऑनलाइन घेतलात तर पार्सल आल्याबरोबर तारीख बघा. मला एकदा सूट म्हणून मिळालेल्या डब्याची मुदत दीड महिन्यावर होती, आणि फक्त दौऱ्याच्या दिवशी वापरला तर एक किलोचा डबा संपायला त्याहून जास्त वेळ लागतो. पावसाळ्यात पावडर ओल धरते. डबा उघडला की आतली पिशवी चिमट्याने घट्ट बंद करा आणि चमचा पूर्ण कोरडा असेल तरच आत घाला.