मागच्या रांगेतून पाहिलेला योगवर्ग

योगवर्ग कसा आहे हे पुढच्या रांगेत बसून कळत नाही. पुढे बसतात ते खाली वाकून पायाचे अंगठे सहज धरणारे. मागच्या रांगेत आम्ही. एकीचे गुडघे गेलेले, एकीला बीपी, एकीचं पिशवीचं ऑपरेशन झालेलं, आणि मी, शिलाई मशीनवर वाकून मान आखडलेली. वर्धा जिल्ह्यात आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावच्या समाजमंदिरात सकाळी जो वर्ग चालतो, त्याबद्दल या रांगेतून लिहिते आहे. वर्ग चांगला आहे, हे आधीच सांगून टाकते. तक्रारी आहेत, त्या खाली येतीलच.

शिकवणारी ताई पलीकडच्या गावची, स्कूटीवर येते. नागपूरला असताना रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळात शिकली. तिथे योग शिकवायचे पैसे घेत नाहीत, त्यामुळे "मंग ही कायले घेते?" अशी कुजबूज गावात झालीच. महिन्याचे १५० रुपये. त्यात समाजमंदिराचं लाइट बिल आणि तिचं पेट्रोल. साध्या ब्लाऊजची शिलाईही तेवढी होते, त्यामुळे मला काही जड वाटलं नाही. पहिला आठवडा फुकट असतो.

नवीन बाई आली की ताई तिला ओट्यावर बाजूला घेते आणि हळूच विचारते. बीपीची गोळी चालू आहे का, पोटाचं कोणतं ऑपरेशन झालं, हर्निया आहे का, चक्कर येते का, पाठीतून पायात मुंग्या उतरतात का, दिवस गेले आहेत का. हे चारचौघांत, माणसांच्या समोर विचारलं असतं तर अर्ध्या बायका खोटं बोलल्या असत्या आणि उरलेल्या दुसऱ्या दिवशी आल्याच नसत्या. ऑपरेशनवालीला तिने सरळ सांगितलं, डॉक्टरांना विचारून ये, तोवर फक्त श्वास आणि हातापायाचे सांधे. पायात मुंग्या येणाऱ्या एका काकूंना तर आधी दवाखान्यात पाठवलं. पैसे देणाऱ्या माणसाला परत पाठवणारी शिकवणारी मी तरी दुसरी पाहिली नाही.

पहिले काही दिवस आसनं नसतातच. घोटे फिरवा, मनगटं फिरवा, खांदे वर-खाली, मान उजवी-डावी. मान गरागरा गोल फिरवायची नाही, हे ती रोज सांगते. माझ्यासारख्या मणक्याची तक्रार असलेल्यांनी तर अजिबात नाही. वळवायची, थांबायची, मध्ये आणायची. पोरांना हे कंटाळवाणं वाटतं. दहावीतली दोन मुलं "यात काय योगा आहे" म्हणून निघून गेली. त्यांना सूर्यनमस्कार हवे होते. ते इथे पहिल्या महिन्यात मिळत नाहीत, हे येणाऱ्याने धरून चालावं.

मग उभ्याची आसनं. ताडासनात टाचा उचलताना मागच्या रांगेने भिंतीला हात लावायचा. वृक्षासनात पाऊल पिंडरीला टेकवायचं, नाहीतर मांडीला, गुडघ्यावर कधीच नाही. पाय मागे दुमडून टाचांवर बसायचं त्या वज्रासनाला आमची खरी परीक्षा. "मले त खाली बसल्यावर उठताच येत नाही वो बाई," असं एक आजी म्हणाल्या, तेव्हा ताईने त्यांना प्लास्टिकची खुर्ची दिली आणि हाताचं, मानेचं, श्वासाचं सगळं त्यांच्याकडून खुर्चीवरच करून घेतलं. बाकीच्यांना तिने गोधडीची जाड घडी पिंडरी आणि मांडीच्या मध्ये घालायला लावली. घडीवर बसलं की गुडघ्यावरचा ताण कमी होतो, आणि लाजही वाटत नाही कारण सगळ्या मागच्या रांगेला घडी असते. तरी दुखलं तर पाय मोकळे करा, एवढीच सूचना. "काकू, ओढू नका. जिथवर जाते तिथवर जाऊ द्या." हे वाक्य सकाळभर ऐकू येतं.

मला सगळ्यात पटलेली गोष्ट वेगळीच आहे. मोबाईलवरचे व्हिडिओ शहरातल्या माणसांसाठी केलेले असतात. त्यात उकिडवं बसायला शिकवतात, पुढे वाकायला शिकवतात. आमच्या बायका निंदणाला दिवसभर उकिडव्या आणि कापूस वेचताना दिवसभर वाकलेल्या असतात. त्यांना आणखी पुढे काय वाकवायचं? ताईने हे ओळखून वर्गाचा क्रमच बदलला आहे. पुढे वाकायचं एखादंच, तेही गुडघे थोडे सैल ठेवून. मागे वळायचं जास्त: उभं राहून अर्धचक्रासन, पोटावर झोपून भुजंगासन, शलभासन, पाठीवर झोपून सेतुबंधासन. भुजंगासनात नवीन माणसाने हात सरळ करून छाती वर फेकायची नाही, कोपरं जमिनीवर टेकवून तेवढंच उठायचं. दोन्ही पाय एकदम उचलायचं उत्तानपादासन तिने आम्हाला दिलं नाही, कंबरेवर येतं म्हणून, एकेक पाय. माझं कामही वाकूनच असल्याने मला हा क्रम मानवला. दुपारी चार ब्लाऊज झाल्यावर मशीनपाशीच उभी राहून कंबरेवर हात ठेवून मागे वळते. मान पूर्वीसारखी रात्री ठणकत नाही. पूर्ण बरी झाली असं मात्र लिहिणार नाही. काम तेच आहे, मशीन तेच आहे.

श्वासाचा नियम एकच सांगितला जातो: वर उठताना, मागे वळताना श्वास आत, वाकताना, खाली येताना बाहेर. रोखून धरायचा नाही. हा एवढा नियम पाळला तरी निम्म्या चुका होत नाहीत.

आता कपालभाती. टीव्हीने गावात असं करून ठेवलं आहे की योग म्हणजे कपालभाती. आमच्याकडे एक आजोबा पोट हलवत धाडधाड शंभर मारतात आणि मग इकडे-तिकडे पाहतात कोणी मोजलं का. ताई त्यांच्याशी रोज गोड भांडते. श्वास बाहेर टाकायचा तो जोराने, आत येतो तो आपोआप. आत ओढायचा नाही, खांदे उडवायचे नाहीत. ज्यांचा बीपी चढलेला राहतो, हृदयाचा त्रास आहे, हर्निया आहे, पोटाचं ऑपरेशन नवं आहे, त्यांनी करायचंच नाही. गरोदर बाईने नाही, पाळीच्या दिवसांत नाही. बीपीवाल्यांना त्याऐवजी अनुलोम-विलोम, म्हणजे आलटून-पालटून एकेका नाकपुडीने श्वास, आणि भुंग्यासारखी गुणगुण करायची ती भ्रामरी. अनुलोम-विलोमला डाव्या नाकपुडीने सुरुवात, संथ, मध्ये रोखणं नाही. आणि गोळी बंद करायची नाही, हेही ती सांगते. एका बाईने दोन आठवड्यांत "आता बरं वाटते" म्हणून गोळी सोडली होती. ताईने तिला त्याच सकाळी उपकेंद्रावर बीपी मोजायला पाठवलं.

ध्यानाच्या वेळी एक गंमत दिसते. तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेला वर्षानुवर्षं बसणारी म्हातारी माणसं ताठ, न हलता बसतात. महाराजांचा आश्रम असलेलं गुरुकुंज मोझरी वर्धा नदीच्या पलीकडे, त्यामुळे ही सवय आमच्या भागात घराघरांत आहे. आसनांत मागे पडणारे आजोबा-आज्या इथे पुढच्या रांगेच्या पोरांना हरवतात. पोरं पाच मिनिटांत एक डोळा उघडून घड्याळ पाहतात.

तक्रारींकडे येते. वर्ग साडेपाचला म्हणतात, सुरू होतो पावणेसहाला, कारण चावी ज्यांच्याकडे असते ते उशिरा उठतात. उशीर सुरुवातीला झाला तरी कापलं जातं शेवटचं शवासन, कारण साडेसहाला सगळ्यांना गोठा, पाणी, डबे. शवासन दोन मिनिटांत उरकायचं असेल तर आधीची दोन आसनं गाळा, असं मी ताईला सांगितलं आहे. शवासनातून उठताना कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठायचं असतं. घाईत लोक सरळ झटक्याने उठतात आणि मग "चक्कर आली" म्हणतात. दुसरं, माणसं पुढे आणि बायका मागे ही बसण्याची रीत. माणसांची पाठ आमच्याकडे असते हे ठीकच, पण ताई करून दाखवते ते आम्हाला दिसत नाही. तिसरं, साडी नेसून येणाऱ्या नव्या सुनांना पाय उचलायची आसनं करता येत नाहीत. सलवार घालून या म्हणणं सोपं आहे, सासू समोर बसलेली असताना ते सोपं नसतं. यासाठी बायकांचा वेगळा वर्ग हवा, आणि तो होत नाही तोवर या वर्गाला मी पूर्ण गुण देणार नाही.

२१ जूनला पहिल्यांदा येणार असाल तर येऊ नका. आंतरराष्ट्रीय योगदिन २०१५ पासून साजरा होतो, गावात त्या दिवशी बॅनर, फोटो, सगळी पुढारी मंडळी. आयुष मंत्रालयाचा ४५ मिनिटांचा ठरलेला पाठ त्या दिवशी सगळ्यांना एकदम करवतात. पाठ चांगला आहे, पण वर्षभर न वाकलेल्या माणसाने गर्दीत, शेजाऱ्याकडे पाहून गुडघ्यांवर उभं राहून मागे वळायचं उष्ट्रासन करायचं म्हणजे दुसऱ्या दिवशी कंबर धरून बसायचं. आठवड्याने या, तेव्हा जागाही असते आणि ताईला वेळही.

ऋतूचं भान ठेवा. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिशीला जातो आणि समाजमंदिराला टिनाचं छत. सहानंतर आत बसवत नाही. तेव्हा आसनं कमी आणि जिभेची नळी करून श्वास घेण्याची शीतली जास्त. थंडीत उलटं, फरशी गार, म्हणून सांधे मोकळे करायला दुप्पट वेळ. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाचा वेचा सुरू झाला की वर्ग रिकामा होतो, ताई मग संध्याकाळी घेते. संध्याकाळी येणाऱ्यांचं दुपारचं जेवण होऊन तीन तास तरी झाले पाहिजेत. सकाळी उपाशीपोटी, पाणी चालतं. पोहे नंतर अर्ध्या तासाने.

चटईचं विचाराल तर बाजारातल्या स्वस्त गुळगुळीत मॅटच्या नादी लागू नका. आमच्या कोटा फरशीवर ती सरकते आणि उन्हाळ्यात वास मारते. मी घरच्या सतरंजीखाली ड्रॉवरमध्ये घालायची रबरी जाळी टाकते, सरकत नाही. सतरंजी मात्र स्वतःचीच आणा. समाजमंदिरातल्या सतरंज्या लग्नाच्या पंगतींना जातात आणि येताना वरणाचे डाग घेऊन येतात.