हिरड्यांतून रक्त येतंय: फ्लॉस घेऊ, छोटा ब्रश घेऊ, पाण्याचं मशीन घेऊ, की आवळा-पेरूने भागेल?

ब्रश करून थुंकलं की गुलाबी दिसतं, पेरू चावला की त्यावर लाल डाग राहतो, तोंडाला वास येतो, असं काही सुरू झालं की माणूस मेडिकलमध्ये जाऊन "हिरड्यांसाठी काहीतरी द्या" म्हणतो, मग घरी एक महागाची पेस्ट येते, एक माउथवॉश येतो, कुणी तेलाच्या गुळण्या सांगतं, कुणी आवळा सांगतं, आणि मोबाईलवर पाण्याच्या फवाऱ्याच्या मशीनच्या जाहिराती दिसायला लागतात. ह्यातलं नक्की काय घ्यायचं हे ज्यांना ठरवायचंय त्यांच्यासाठी लिहितेय. माझं मत आधीच सांगून टाकते, जी वस्तू दोन दातांच्या मधे पोचते ती आधी घ्या, जी नुसती तोंडभर फिरते ती नंतर, आणि खाण्यापिण्याचा फरक खरंच पडतो पण तो ब्रशच्या जोडीला धरायचा, ब्रशच्या जागी नाही.

असं का म्हणते तर हिरडी सुजते ती मुख्यतः हिरडीच्या कडेला साचणाऱ्या जंतूंच्या चिकट पातळ थरामुळे, डेंटिस्ट त्याला प्लाक म्हणतात. १९६५ मध्ये हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधल्या आरहूसला एक प्रयोग केला होता, हिरड्या चांगल्या असलेल्या १२ जणांना दात घासणंच बंद करायला लावलं, तर दहा दिवस ते तीन आठवडे एवढ्यात सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि परत घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात ठीक झाल्या. म्हणजे सुरुवातीची सूज पूर्ण बरी होते हो, हे लोकांना माहीतच नसतं, "आमच्या घराण्यातच हिरड्या खराब" म्हणून सोडून देतात. पण थर तसाच राहिला तर लाळेतल्या कॅल्शियममुळे तो कडक होऊन किटण बनतं, ते ब्रशने निघत नाही, आणि त्याच्या आडोशाने सूज खाली हाडापर्यंत गेली की पायरिया, तिथे गेलेलं हाड सहसा परत येत नाही, जेवढं उरलंय तेवढं टिकवायचं. किटण आहे का ते घरीच बघता येतं, मोबाईलचा टॉर्च लावून छोट्या आरशात खालच्या पुढच्या दातांची जिभेकडची बाजू बघा, जिभेखाली लाळेच्या नळ्या उघडतात म्हणून तिथे सगळ्यात आधी पिवळट पट्टा दिसतो, नख लावलं तर खरखरीत लागतं.

आता रोज सकाळी हातात काय घ्यायचं ते बघू, कारण आपल्याकडे अजून चार पर्याय चालतात, ब्रश-पेस्ट, लाल मंजन, कडुलिंबाची काडी आणि मिश्री.

मिश्रीबद्दल मला आधी बोलायचंय आणि जरा जास्त बोलायचंय. कोकणात, सातारा-कोल्हापूरकडे, गोव्यात सुद्धा कितीतरी घरांत आजी, आत्या, मावशी मिश्री लावतात. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, हाताने चुरून डबीत भरायची, मग उकिडवं बसून बोटाने हिरड्यांवर चोळत राहायचं, तोंड भरलं की थुंकायचं, त्या भाजण्याचा वास घरभर जातो आणि लहान पोरं खोकत बाहेर पळतात. माझी आत्या म्हणायची मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही आणि दात घट्ट राहतात. पोटाचं म्हणाल तर निकोटीनने आतडी हलतात, ती सवय झालेली असते, पण दाताचं बरोबर उलटं आहे, जिथे रोज तंबाखू लागते तिथली हिरडी दातावरून सरकत जाते, मूळ उघडं पडतं आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वेगळाच. तंबाखू असलेल्या पेस्ट आणि मंजनांवर भारतात १९९२ पासून बंदी आहे, पण घरच्या तव्यावरची मिश्री कोण बंद करणार, ती घरातल्याच माणसांनी प्रेमाने सोडवायला लागते. ओरडून सुटत नाही. १८००-११-२३५६ हा सरकारचा तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत नंबर आहे, त्यावर समुपदेशन मिळतं, आत्या-मावशीला स्वतः फोन लावून द्या, त्या आपणहून लावणार नाहीत. बिडी-सिगारेटवाल्यांनी अजून एक लक्षात ठेवा, धुराने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात म्हणून रक्त कमी येतं, आतून हाड झिजत असतं आणि माणूस म्हणतो मला काहीच त्रास नाही. सोडल्यावर सुरुवातीला रक्त जास्त दिसलं तर घाबरून परत ओढायला लागू नका.

लाल मंजन आणि मिश्री एक नाही, तंबाखू नसलेलं मंजन तेवढं वाईट नाही, पण बऱ्याच लाल मंजनांत गेरू असतो, खरखरीत असतं, बोटाने जोर लावून वर्षानुवर्षं घासलं की दात मुळाशी झिजतात आणि मग थंड पाणी झोंबायला लागतं. राखुंडीचं तेच. शिवाय बोट दातांच्या फटीत जात नाही, दाढेच्या मागे तर नाहीच. कडुलिंबाची काडी मला मनापासून आवडते, चावून कुंचला केला की तंतू बारीक होतात, रसही कडू असतो, पण नीट चावून मऊ केलेली नसेल तर हिरडी सोलते आणि दाढांच्या जिभेकडच्या बाजूला ती वळवता येत नाही. गावी गेल्यावर जरूर करा, रोजचा भार तिच्यावर टाकू नका.

ब्रशमध्ये "हार्ड" आणि "मीडियम" दुकानात ठेवूच नयेत असं मला वाटतं. सॉफ्ट किंवा अल्ट्रा सॉफ्ट घ्या, केस तिरके धरून, साधारण ४५ अंशात, दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या कडेवर टेकवायचे आणि जागच्या जागी हलकं थरथरवायचं, भांडी घासल्यासारखं आडवं ओढायचं नाही. दोन मिनिटं, दिवसातून दोनदा, त्यातलं रात्रीचं चुकवायचं नाही. केस वाकले की ब्रश बदला, नाहीतर तीन महिन्यांनी. इलेक्ट्रिक ब्रश घेऊ का असं बरेच जण विचारतात, तर २०१४ च्या कॉक्रेनच्या (जगभरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) आढाव्यात तीन महिन्यांच्या वर वापरल्यावर साध्या ब्रशपेक्षा प्लाक सुमारे २१ टक्के आणि हिरड्यांची सूज सुमारे ११ टक्के कमी दिसली होती, म्हणजे फायदा आहे पण जादू नाही. ज्यांचा हात जड आहे, किंवा बोटं आखडतात, त्यांनी अवश्य घ्यावा, बाकीच्यांनी तेच पैसे क्लिनिंगला ठेवावेत. पेस्टबाबत म्हणाल तर फ्लोराइड असलेली कुठलीही साधी चालेल, पेस्टच्या नावापेक्षा ब्रशचं टोक कुठे टेकतंय ते महत्त्वाचं.

आता मुख्य मुद्दा, दोन दातांच्या मधली जागा. कितीही चांगला ब्रश असला तरी तिथे तो जात नाही आणि हिरडीचा आजार सहसा तिथूनच सुरू होतो. इथे तीन पर्याय आहेत आणि इथेच लोक चुकीच्या वस्तूवर पैसे घालवतात. फ्लॉस स्वस्त आहे, दात एकमेकांना घट्ट चिकटलेले असतील, तरुण वय असेल तर तोच हवा, कारण दुसरं काही आत जाणारच नाही. हात-सव्वा हात दोरा घ्यायचा, दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळायचा, हळूच करवतीसारखा आत सरकवायचा, कचकन खाली दाबायचा नाही, आणि एका दाताला बिलगवून वर-खाली करायचा, मग शेजारच्या दाताला. खरं सांगायचं तर पन्नाशीच्या माणसाला हे जमत नाही, दाढांशी हात जात नाहीत, दोन दिवसांत डबी कपाटात जाते.

छोटा ब्रश, म्हणजे इंटरडेंटल ब्रश, हा माझ्या मते चाळिशीनंतरच्या बहुतेकांसाठी सगळ्यात कामाचा. बारीक तारेवर बसवलेले केस असतात, फटीतून आत घालायचा, एकदा पुढे एकदा मागे, झालं. २०१९ च्या कॉक्रेनच्या आढाव्यातही फ्लॉसपेक्षा हा जास्त उपयोगी असण्याची शक्यता दिसलीय, जरी पुरावा फार भक्कम नाही असं त्यांनीच म्हटलंय. ह्यात साइज सगळ्यात महत्त्वाची, तार हिरडीला घासता कामा नये आणि केस दोन्ही बाजूंना टेकले पाहिजेत, जोर करायला लागला तर ती साइज तुमची नाही. पुढच्या दातांना एक आणि दाढांना जाडसर दुसरा असे दोन लागतात सहसा. पहिल्यांदा डेंटिस्टकडूनच साइज बघून घ्या. एक ब्रश धुऊन आठवडाभर तरी चालतो, तार वाकली की फेकायचा. पहिले काही दिवस जास्त रक्त येईल, आणि इथेच लोक घाबरून बंद करतात, खरं तर जिथे रक्त येतंय तिथेच जास्त गरज आहे, आठवडा-दोन आठवड्यांत कमी व्हायला लागतं. नाही झालं तर मात्र आत किटण आहे असं समजून डेंटिस्टकडे.

पाण्याचं मशीन, वॉटर फ्लॉसर, दीड हजारापासून तीन-चार हजारांपर्यंत मिळतं. वापरायला मस्त, तोंड ताजं वाटतं, रक्त येणंही कमी होऊ शकतं, अन्नाचे कण निघतात, पण चिकट थर खरवडला जायला लागतो आणि ते काम पाण्यापेक्षा केस आणि दोरा जास्त चांगलं करतात. तारा बसवलेल्या मुलांना, ब्रिज किंवा इम्प्लांट (पक्के बसवलेले कृत्रिम दात) असलेल्यांना, हात थरथरणाऱ्या आजोबांना जरूर घेऊन द्या. बाकीच्यांनी शेवटी घ्यावं.

माउथवॉश, मिठाचं पाणी आणि तेलाच्या गुळण्या ह्यांना मी एकाच रांगेत ठेवते, तिघंही वरवर फिरतात. त्यातल्या त्यात ताकदीचा म्हणजे क्लोरहेक्सिडीन असलेला, ०.२ टक्केवाला, तो खरंच जंतू मारतो, पण तो औषध आहे, दाढ काढल्यावर किंवा क्लिनिंगनंतर डॉक्टर जेवढे दिवस सांगतील तेवढेच, दोन आठवड्यांच्या आसपास. जास्त दिवस चालवला तर दातांवर तपकिरी डाग पडतात, त्यात आपला चहा म्हटल्यावर अजूनच, आणि जेवणाची चव जाते. पेस्टनंतर लगेच घेऊ नका, अर्धा तास जाऊ द्या, पेस्टमधल्या फेसाने त्याचा जोर कमी होतो. मिठाचं कोमट पाणी फुकट आहे, ठणक कमी होते, तेवढ्यापुरतं उत्तम. तिळाच्या किंवा खोबरेल तेलाने कुणाला बरं वाटत असेल तर करू द्या पण ब्रशच्या आधी करा आणि ब्रश चुकवू नका. लवंगेचं तेल मात्र सरळ हिरडीवर लावू नका, भाजतं.

आता खाणं. व्हिटॅमिन सी कमी पडलं की हिरड्या सुजून रक्त येतं हे तर १७४७ मध्ये जेम्स लिंडने जहाजावरच्या खलाशांना संत्री-लिंबू देऊन दाखवलं होतं. आपल्याकडे एवढी टोकाची कमतरता क्वचितच, पण रोज चहा-बिस्किट, वडापाव आणि फळ एकही नाही असे लोक खूप आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात १०० ग्रॅम आवळ्यात साधारण २५० मिलिग्रॅम, पेरूत २०० च्या वर आणि संत्र्यात ४०-५० च्या आसपास सी धरलंय, आणि मोठ्या माणसाची रोजची गरज ६५ ते ८० मिलिग्रॅम. म्हणजे एक पेरू खाल्ला की काम झालं, गोळ्यांची पाकिटं कशाला. त्यातही चोखायच्या आंबट गोळ्या दिवसभर तोंडात धरल्या तर दातांचं आवरणच झिजतं, लिंबू हिरडीवर चोळण्याचंही तेच. आवळा खायचा तर कच्चा, मीठ लावून, किंवा कोशिंबिरीत किसून, मोरावळा आणि आवळा कँडी आवळ्यापेक्षा साखरच जास्त, आणि दाताला चिकटून बसते. आंबट खाल्लं की चूळ भरा आणि ब्रश अर्ध्या तासाने करा.

गोड किती खाता ह्यासोबत किती वेळा खाता हे बघा, दिवसाचे चार गोड चहा आणि प्रत्येकाबरोबर बिस्किट म्हणजे तोंडातल्या जंतूंची चार वेळा पंगत. जर्मनीत फ्रायबुर्गला २०१६ मध्ये एक छोटासा अभ्यास झाला, साखर आणि मैद्यासारखे पदार्थ कमी करून भाज्या, फळं, ओमेगा-३ वाढवलं, दात घासायची पद्धत तीच ठेवली, तरी चार आठवड्यांत हिरड्यांची सूज जवळपास निम्म्यावर आली. माणसं मोजकीच होती म्हणून डोळे झाकून विश्वास ठेवू नका, पण बांगडा, तारली, जवसाची चटणी, पालेभाजी, चावून खायची काकडी-गाजर हे आपल्या ताटातलंच आहे, वेगळं काही आणायचं नाही. फक्त जवसाची चटणी खाल्ली की तिळाएवढे कण फटीत अडकतात, ते रात्री काढून झोपा.

ज्यांना किटण दिसतंय त्यांनी वरचं सगळं करायच्या आधी एकदा क्लिनिंग, म्हणजे स्केलिंग, करून घ्यावं, कारण किटणावर कितीही चांगला ब्रश फिरवला तरी हिरडी बरी होत नाही. "साफ केल्यावर दात हलायला लागतात" हे सगळीकडे ऐकू येतं, होतं असं की इतके दिवस किटणाने दात एकमेकांना धरून ठेवलेले असतात आणि सूज उतरली की फटी उघड्या दिसतात, दात आधीपासूनच सैल झालेले असतात. थोडे दिवस झिणझिण्या येतात, मग जातात. खाजगीत हजार-दीड हजार किंवा जास्तही लागतात, तेवढं नसेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, तिथे खूप कमी पैशात होतं, रांग असते, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा.

शुगर असलेल्यांनी हे पुढे ढकलूच नका, वाढलेल्या साखरेने हिरड्या बिघडतात आणि सुजलेल्या हिरड्यांनी साखर आटोक्यात यायला अडचण होते, दोन्ही बाजूंनी. गरोदरपणात हार्मोन्समुळे हिरड्या फुगतात, त्या काळातही डॉक्टरांना सांगून स्केलिंग करता येतं. आणि बीपीची अ‍ॅम्लोडिपिन किंवा फिटची फेनिटॉइन चालू असेल आणि हिरडी दातावर चढत चाललीय असं वाटत असेल तर तो गोळीचाही परिणाम असू शकतो, अशा वेळी गोळी मनाने बंद करायची नाही, डेंटिस्टला औषधांची चिठ्ठी दाखवायची आणि ज्यांनी गोळी लिहून दिली त्यांना विचारायचं, बऱ्याचदा दुसरी गोळी देता येते.