आयएनआर १.६ आणि अर्धवट भरलेली निळी ट्यूब

वडिलांच्या मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात पसरला होता आणि केमोथेरपीनंतर यकृताचा उजवा भाग काढायचे ठरले होते. शस्त्रक्रियेच्या आठ दिवस आधीच्या रक्ततपासण्यांसाठी आम्ही एका साखळी प्रयोगशाळेची घरपोच सेवा घेतली. हा अभिप्राय त्या सेवेबद्दल आहे.

वेळेच्या बाबतीत तक्रारीला जागा नाही. सकाळी सातची वेळ दिली होती आणि मुलगा सातला पाच मिनिटे असतानाच शीतपेटी घेऊन दारात हजर होता. बिलिरुबिन (यकृत शरीराबाहेर टाकते ते पिवळे द्रव्य) उजेडात विघटित होते हे त्याला ठाऊक असावे, कारण ती ट्यूब त्याने न सांगता काळ्या पाकिटात ठेवली. पहिल्या यंत्रमोजणीत प्लेटलेट कमी दिसल्यावर त्यांच्या पॅथॉलॉजिस्टने काचपट्टी स्वतः पाहिली, प्लेटलेटच्या गुठळ्या झाल्यामुळे मोजणी कमी आल्याचे ओळखले आणि रिपोर्टवर तशी नोंदही केली. केमोनंतर प्लेटलेट खरोखरच घटलेल्या असू शकतात, त्यामुळे ही नोंद सर्जनच्या दृष्टीने मोलाची होती.

चूक झाली ती निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये. केमोमुळे वडिलांच्या शिरा कडक झाल्या आहेत. रक्त थेंबाथेंबाने येत होते आणि खुणेच्या बरेच खाली येऊन थांबले. "काका, आता परत टोचत नाही, एवढ्यात भागेल," असे तो म्हणाला आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी मलाही बरेच वाटले. संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्ट आला: आयएनआर १.६. आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा; तो साधारण १ असावा, वाढला तर रक्त उशिरा गोठते.

या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारे सायट्रेटचे द्रावण आधीच भरलेले असते आणि नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण पाळावेच लागते. रक्त कमी पडले की उरलेले सायट्रेट, रक्त गोठावे म्हणून तपासणीत घातलेले कॅल्शियमही बांधून ठेवते, रक्त गोठायला उशीर लागतो आणि यकृत ठणठणीत असले तरी आयएनआर वाढलेला दिसतो. असा नमुना परत पाठवून नवा मागवणे हे प्रयोगशाळेचे काम होते. इथे त्यावर साधा शेराही नव्हता.

सर्जननी रिपोर्ट पाहून भुवया उंचावल्या, कारण अल्ब्युमिन (यकृतात बनणारे प्रथिन) ३.९ आणि बिलिरुबिन ०.८, म्हणजे दोन्ही ठीक होते आणि आयएनआर त्यांच्याशी जुळत नव्हता. अल्ब्युमिन रक्तात साधारण तीन आठवड्यांनी निम्मे होते, म्हणून ते यकृताचा मागचा काळ सांगते. यकृतातच बनणारे रक्त गोठण्याचे काही घटक मात्र काही तासांतच संपतात, म्हणून आयएनआर आजची स्थिती सांगतो. त्यामुळे तो बाजूलाही सारता येईना. रुग्णालयात नमुना पुन्हा घेतला, तो १.१ आला. मधली रात्र शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाणार या धास्तीत गेली.

नुकसान एका रात्रीपुरतेच राहिले असेही नाही. यकृताचा मोठा भाग काढल्यावर पाचव्या दिवशीचे बिलिरुबिन आणि आयएनआर हे उरलेले यकृत काम पेलते आहे की नाही, याचे महत्त्वाचे निदर्शक मानले जातात. बिलिरुबिन सुमारे ३ च्या वर आणि आयएनआर १.७ च्या वर, असे दोन्ही एकदम गेले तर डॉक्टर सावध होतात. वडिलांचे त्या दिवशी १.९ आणि १.३ होते. आधीचा आकडा १.६ म्हणूनच नोंदला गेला असता, तर हा १.३ सुधारणा म्हणून वाचला गेला असता; प्रत्यक्षात ती शस्त्रक्रियेनंतर अपेक्षित असलेली थोडी वाढ होती.

तक्रार केल्यावर ग्राहक विभागाने मोफत फेरतपासणी देऊ केली, पण ट्यूब कमी भरली होती हे शेवटपर्यंत कबूल केले नाही. साखर, थायरॉईड किंवा नेहमीच्या यकृत तपासण्यांसाठी मी ही सेवा पुन्हा घेईन. शस्त्रक्रियेआधीच्या आयएनआरसाठी मात्र रुग्णालयातच जाईन. पाचपैकी तीन तारे देतो आहे, त्यातला एक त्या पॅथॉलॉजिस्टचा.

घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात याच प्रयोगशाळेकडून तपासणी करून घेतली. तोच मुलगा आला, दोनदा टोचले आणि निळी ट्यूब खुणेपर्यंत भरून मला दाखवली. अल्ब्युमिन शस्त्रक्रियेनंतरच्या ३.२ वरून ३.६ वर आले होते. बिलात घरी येण्याचे दीडशे रुपये मात्र दोनदा लावले होते. ते परत मिळायला नऊ दिवस लागले.