मँगोस्टीन : रातांब्याचे महागडे भावंड

जून सरत आला, की क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडईच्या, फळविभागात हापूसच्या पेट्या मागे पडतात आणि परदेशी फळे पुढच्या फळीवर येतात. यंदा तेथील एका गाळ्यावरून आम्ही अर्धा किलो मँगोस्टीन घेतले. सहा फळांचे ३५० रुपये झाले. घरात यापूर्वी कोणीही हे फळ चाखले नव्हते.

नावात मँगो असला तरी आंब्याशी या फळाचे काहीही नाते नाही. ते मूळचे आग्नेय आशियातील असून थायलंडमध्ये त्याचे मोठे पीक निघते; आपल्याकडे केरळात आणि निलगिरीच्या उतारावरही त्याच्या बागा आहेत. खरे नाते ओळखले ते वेंगुर्ल्यात वाढलेल्या माझ्या सासूबाईंनी. जांभळट, गुळगुळीत फळ हातात फिरवत त्या म्हणाल्या, "अगो, हो तर रातांब्याचोच भाव!" वनस्पतिशास्त्रही तेच सांगते, कारण रातांबा, म्हणजे कोकम, आणि मँगोस्टीन ही दोन्ही झाडे गार्सिनिया या एकाच प्रजातीतील आहेत.

फळ कापण्याची रीत मात्र वेगळी आहे. साल बोटाच्या अर्ध्या पेराएवढी जाड असते. तिला मध्यावर गोल चीर द्यायची, सुरी आत खोल जाऊ द्यायची नाही, आणि डबीचे झाकण फिरवावे तसा वरचा भाग उचलायचा. जांभळ्या वाटीत लसणाच्या गड्डीसारख्या पांढऱ्याशुभ्र पाकळ्या दिसतात. फळाच्या बुडाशी फुलासारखी एक नक्षी असते आणि तिच्या जितक्या पाकळ्या तितक्याच फोडी आत निघतात. पहिल्या फळात सहा मोजल्या आणि सहाच निघाल्या, तेव्हा मुलाचा विश्वास बसेना. त्यानंतर प्रत्येक फळ कापण्याआधी पैज लागू लागली. सालीच्या रसाचा डाग टेबलावरच्या चादरीवर पडला तो अजून गेलेला नाही. रातांबे फोडताना जुनी साडी नेसावी, तीच सावधगिरी येथेही हवी.

चव खरोखर उत्तम आहे. फोड लिचीपेक्षा मऊ, जिभेवर ठेवताच विरघळणारी, आणि गोडीच्या मागोमाग येणारा आंबटपणा इतका नेमका की दुसऱ्या फोडीकडे हात आपोआप जातो. मोठ्या फोडीत बी असते. ती चावू नये, कडवट लागते.

तक्रार आहे ती विक्रेत्याबद्दल. "दाबू नका, माल खराब होतो," असे सांगून त्याने मागच्या खोक्यातून फळे काढून दिली आणि त्यातील दोन दगडासारखी टणक निघाली. एकात सुरी शिरेना. दुसरे कसेबसे फोडले तर आत पिवळा चीक साकळलेला होता. हे फळ आपटले, की साल त्या जागी कडक होते, म्हणून अंगठ्याने हलके दाबून पाहणे हीच त्याची खरी परीक्षा आहे, आणि नेमकी तीच आम्हाला करू दिली गेली नाही. दुसऱ्या दिवशी सांगायला गेले तेव्हा, "ताई, फळ आहे, कारखान्यात बनत नाही," एवढेच उत्तर मिळाले. उरलेल्या चार फळांचा गर मी काट्यावर तोलून पाहिला, तो जेमतेम शंभर ग्रॅम भरला. बाकी सारी साल.

ती साल टाकवेना म्हणून सासूबाईंनी आमसुलाच्या आशेने खिडकीच्या ग्रिलवर वाळत घातली. रातांब्यात सालीलाच किंमत असते, त्यामुळे त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. परंतु या सालीत आंबटपणा नाही, नुसता तुरट कडवटपणा आहे. तिसऱ्या दिवशी एक तुकडा चघळून त्यांनी सगळी साल केराच्या डब्यात टाकली आणि पुढच्या खेपेला मंडईत आपण स्वतः येणार, असे जाहीर केले.