मर्सिडीज २४० टीडी वॅगन: नऊ महिने वापरली आणि गंजासकट विकली

सुरुवातीलाच सांगून टाकतो, ही गाडी मी नवीकोरी करून विकलेली नाही. तशी करायचीच म्हणून घेतली होती. नऊ महिन्यांत साधारण साडेतीन हजार किलोमीटर चालवली, निम्मी खोलली, परत जोडली आणि शेवटी आहे तशी दुसऱ्याच्या हवाली केली. चकचकीत फोटो बघायला आलेल्यांची निराशा होईल. जुनी स्टेशन वॅगन, म्हणजे मागे सामानाला जागा असलेली लांब टपाची गाडी, घ्यायची किंवा विकायची असेल तर मात्र वाचा.

गाडी १९८२ ची. मर्सिडीजच्या १२३ मालिकेतली वॅगन, चाहते हिला एस१२३ म्हणतात. १९७७ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात पहिल्यांदा दिसली, १९७८ पासून १९८६ च्या सुरुवातीपर्यंत ब्रेमेनच्या कारखान्यात बनली. नावातला 'टी' टर्बोचा नाही, हेही इथेच सांगतो, कारण गाडी विकायला काढल्यावर निम्मे फोन त्याच गैरसमजातून आले. माझ्या गाडीत साधं २.४ लिटरचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं, टर्बोबिर्बो काही नाही, ताकद ७२ हॉर्सपॉवर आणि गाडीचं वजन दीड टनाच्या आसपास. पिकअप किती असेल याचा हिशेब तुम्हीच करा.

१२३ मालिकेच्या सगळ्या मिळून सुमारे २७ लाख गाड्या निघाल्या, त्यांत वॅगन जेमतेम २ लाख. हे आकडे मला घेतानाही पाठ होते. त्यांचा अर्थ विकताना कळला. मधल्या खांबापर्यंतची गाडी म्हणजे सेडानच. इंजिन, बॉनेट, डॅशबोर्ड, पुढचे दिवे, ब्रेक, सगळं २७ लाखांतलं, त्यामुळे नवं-जुनं कुठे ना कुठे मिळतंच. मागचं दार, मागच्या लांब काचा, त्यांची रबरं, टपावरचे रेल, सामानावर ओढायचं आवरण हे मात्र फक्त त्या २ लाखांचं. मी पैसे मोजताना पुढची अर्धी गाडी बघत होतो आणि इंजिनाचा आवाज ऐकून भुलत होतो. गाडीची खरी किंमत माझ्या पाठीमागे होती.

आधी चालवण्याबद्दल, कारण तो भाग सुखाचा होता. स्टिअरिंग मोठं, सीट स्प्रिंगांची आणि रुंद, दिवसभर बसलं तरी पाठ कुरकुरत नाही. चढावर मागच्यांचे शिव्याशाप खायची तयारी ठेवावी लागते. मागचं सीट एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश असं वेगवेगळं आडवं होतं, त्यामुळे एक माणूस मागे बसवून शिडी नेता येते. मी कपाट नेलं, सायकली नेल्या, एकदा दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स नेला. आजच्या एसयूव्हीत इतकी सपाट आणि बुटकी जागा मला तरी सापडलेली नाही. सामान उचलून छातीपर्यंत न्यावं लागत नाही, हे कंबर दुखणाऱ्यालाच कळेल.

किल्लीचा किस्सा सांगायलाच हवा. घेतल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात किल्ली बंद केली, काढून खिशात टाकली, आणि इंजिन आपलं चालूच. या डिझेलला बंद करायला वीज नाही, व्हॅक्यूम लागतो, म्हणजे नळ्यांतली हवा ओढून तयार झालेली पोकळी. तोच व्हॅक्यूम दारांच्या सेंट्रल लॉकिंगलाही पुरवलेला. त्यामुळे एखाद्या दारातला रबरी पडदा फाटला की तिकडून हवा शिरते आणि इकडे इंजिन थांबायचं नाव घेत नाही. बॉनेट उघडून 'स्टॉप' लिहिलेला दांडा हाताने दाबायचा, की बंद. आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्यांनी हे पाहून विचारलं, "चोरीला गेली तर चोर बंद कशी करणार?" चारही दारांच्या आतल्या पट्ट्या काढून शोधल्यावर दोष सापडला मागच्या उजव्या दारात. नवा पडदा सहज मिळाला, कारण सेडानलाही तोच चालतो.

इंजिनाबद्दल फार लिहीत नाही. हे इंजिन तक्रार करत नाही आणि त्याच्यामुळे गाडी विकायला निघालेला माणूसही मला भेटलेला नाही. एकच काम सगळे टाळतात, टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली फट नीट करणं. थंड इंजिनावर इनटेकला ०.१० मिलिमीटर आणि एक्झॉस्टला ०.३० मिलिमीटर फट लागते. माझ्या गाडीत एक्झॉस्टच्या दोन व्हॉल्व्हची फट जवळजवळ उरलीच नव्हती. वाकडे पाने घेऊन एक सकाळ घालवली आणि थंडीत सेल्फ मारल्यावर थरथरणारं इंजिन दुसऱ्या दिवशी पहिल्या झटक्यात लागलं. अशा वेळी इंजिन गेलं म्हणून गाडी कवडीमोलाने विकणारे असतात. विकण्याआधी निदान एवढं करा.

आता पाठीमागे येऊ. या वॅगनला मागे सेल्फ-लेव्हलिंग सस्पेन्शन असतं. सामान कितीही भरा, गाडी मागे बसत नाही. इंजिनावर चालणारा पंप तेल दाबाने मागे पाठवतो, एक व्हॉल्व्ह उंची बघून ते कमी-जास्त सोडतो आणि नायट्रोजन भरलेले दोन गोळे धक्का गिळतात. गोळ्यातला पडदा गेला की गिळायला काही उरत नाही. मग मागची बाजू बैलगाडीसारखी आदळते. पुष्कळ जण वैतागून ही सगळी यंत्रणा काढतात आणि साधे शॉकॲब्सॉर्बर बसवतात. पण तिच्यासोबतच्या स्प्रिंगा मऊ असतात हे विसरतात, आणि चार माणसं बसली की गाडी शेपूट घालून चालते. मी गोळे बदलले. गाडीवर केलेला तो एकच खर्च मला आजही योग्य वाटतो.

गंज मात्र बदलता आला नाही. मागच्या दाराच्या रबरातून पाणी आत यायचं आणि बाजूच्या पट्टीआड जिथे स्टेपनी उभी असते तिथे साचायचं. घेताना गालिचा कोरडा दिसला, मी खूश झालो, खाली हात घातलाच नाही. चौथ्या महिन्यात स्टेपनी काढली तेव्हा पत्र्यातून जमीन दिसली. मग एकेक उघडत गेलं. जॅक लावायच्या जागा पोकळ, मागच्या मडगार्डच्या कडा पुट्टीने भरलेल्या, मागच्या काचेखालचा पत्रा बोटाने दाबला तर पापडासारखा मोडला. बाहेरून रंग व्यवस्थित. चुंबक सोबत नेला असता तर पुट्टी जागच्या जागी कळली असती. माझ्याकडे चुंबक होता, घरी, फ्रिजच्या दारावर.

पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराने दोन दिवस बघून सांगितलं, "करून देतो, पण सहा महिने गाडी विसरा. आणि मागचं दार दुसरं शोधा, हे सांधण्यात अर्थ नाही." मागच्या दाराचा शोध दोन महिने केला. एक मिळालं, तेही खालच्या कडेला कुजलेलं. तिथे माझा निकाल लागला. माझ्याकडे ना वेल्डिंगचा हात, ना बंदिस्त जागा, आणि तोपर्यंत गाडी अर्धी उघडी पडलेली.

विकायचं ठरवल्यावर पहिला विचार आला, आहे तशी उघडीच देऊ, घेणारा काय ते जोडेल. तेव्हा एका जुन्या जाणत्या मेकॅनिकने अडवलं. त्यांचं म्हणणं, खोक्यातली गाडी ही गाडी नव्हे, भंगार. समोरच्याला नट कमी आहे की अख्खा पार्ट, हे कळत नाही, म्हणून तो सगळंच नाही असं धरून भाव करतो. तीन रविवार घालवून मी पट्ट्या, सीटं, आवरण सगळं परत बसवलं. गंज आहे तसाच, पण गाडी पुरी आणि स्वतःच्या चाकांवर उभी. बसवता न आलेल्या वस्तू पिशव्यांत भरून प्रत्येकीवर चिठ्ठी लावली.

खालून काळं डांबर मारायचा सल्लाही मिळाला होता. मारलं नाही. ताजं डांबर दिसलं की जाणकार गिऱ्हाईक उलट्या पावली जातं, आणि अजाण गिऱ्हाईक सहा महिन्यांनी फोन करतं. त्याऐवजी खालचे, कडांचे, स्टेपनीच्या खड्ड्याचे फोटो काढले, शेजारी मोजपट्टी ठेवून. मूळ रंगाचा कोड, चेसिस आणि इंजिन क्रमांक कागदांशी जुळतात हे लिहिलं. बिघाडांच्या यादीत व्हॅक्यूमचा जुना किस्साही घातला.

फोन बरेच आले. एकाला फक्त मागच्या काचा आणि रेल हवे होते, बाकीची गाडी "तुमच्याकडेच ठेवा" म्हणाला. दुसऱ्याने न बघताच निम्मा भाव सांगितला. एक गृहस्थ सहकुटुंब आले, मुलं मागे चढून खेळली, सगळ्यांनी फोटो काढले आणि आभार मानून गेले. याचा राग येऊ देऊ नका, जुन्या गाडीला हे होतंच. फोनवर "पेट्रोल आहे का?" विचारणाऱ्यांवर मात्र मी थोडा चिडायचो.

शेवटी घेतली ती वडिलांसोबत आलेल्या एका तरुणीने. आल्या आल्या म्हणाली, "काका, आज गाडी चालू केली नाहीये ना?" मी नाही म्हटलं. तिने बॉनेटवर हात ठेवून खात्री केली. थंड इंजिन स्वतः सुरू केलं, तेलाचं झाकण सैल करून ठेवलं आणि ते किती उडतंय हे बघत उभी राहिली. थोडं नाचलं, पडलं नाही, म्हणजे इंजिन बॅक मारत नव्हतं, सिलिंडरमधला दाब खाली तेलाच्या बाजूला फारसा गळत नव्हता. मग सतरंजी पसरून खाली शिरली. वडील माझ्याकडे बघून म्हणाले, "घरी अशीच आणखी एक आहे. पुढून ठोकलेली."

तिथे सगळा उलगडा झाला. पुढून ठोकलेल्या गाडीची मागची बाजू शाबूत होती, आणि माझं इंजिन, सस्पेन्शनचे गोळे आणि पुढचा अख्खा भाग तिला हवा होता. भाव करताना तिने माझेच गंजाचे फोटो समोर धरले. मी काही बोलू शकलो नाही, आणि सौदा मी मनात धरलेल्या आकड्याच्या जरा खाली पण लाज वाटणार नाही अशा जागी ठरला. कागद तिच्या नावावर होईपर्यंत गाडी माझ्याकडेच राहिली. तेवढं पाळा, जुन्या गाडीचा दंड जुन्या मालकाच्या नावाने येतो.

ट्रेलरवर चढवताना किल्ली फिरवली, इंजिन लगेच बंद झालं. तिने तरी 'स्टॉप'चा दांडा कुठे आहे ते विचारून घेतलं. चार दिवसांनी माळ्यावर एक पिशवी सापडली, 'डावी मागची काच, आतली पट्टी' अशी चिठ्ठी लावलेली. फोन केला तर म्हणाली, "काका, ती नक्की पाठवा. डावीचीच माझ्याकडे नाहीये."