लेबल 1998 चं, बाटली भलतीच: जुन्या ग्यूझच्या खरेदीत झालेली फसवणूक

जुनी ग्यूझ, म्हणजे बाटलीत वर्षानुवर्षं मुरणारी बेल्जियन बिअर, एखाद्या खाजगी विक्रेत्याकडून ऑनलाइन घ्यायचा विचार असेल, तर आधी हे वाचा. माझे 480 युरो गेले. विक्रेता अगदीच अनोळखी नव्हता, फोटो व्यवस्थित होते, लेबलंसुद्धा अस्सल होती. खोटी होती ती लेबल आणि बाटली यांची जोडी.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण फसवणूक नेमकी कुठे घुसते ते त्याशिवाय कळणार नाही. ब्रसेल्स आणि त्याला लागून असलेला पायोटनलंडचा ग्रामीण भाग हे लॅम्बिक या आंबट बिअरचं घर. जवाचा माल्ट आणि निदान तीस टक्के मोड न आणलेला गहू, त्यात मुद्दाम काही वर्षं जुने होऊ दिलेले हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं. कडवटपणा नको असतो, बिअर टिकवण्याचा त्यांचा गुण तेवढा हवा असतो. उकळलेला रस गुऱ्हाळातल्या काहिलीसारख्या उथळ, रुंद, उघड्या भांड्यात रात्रभर निवायला ठेवतात. यीस्ट कुणी घालत नाही. हवेतून आणि लाकडातून येईल ते येईल. म्हणून हे काम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल एवढंच चालतं. पुढे लाकडी पिंपांत एक, दोन, तीन वर्षं. या वेगवेगळ्या वयाच्या लॅम्बिकचं मिश्रण करून बाटलीत भरलं की ती ग्यूझ. तरुण लॅम्बिकमध्ये उरलेली साखर बाटलीत आंबते, त्यातून फेस तयार होतो, आणि ब्रेटॅनोमायसिस नावाचं यीस्ट पुढेही वर्षानुवर्षं सावकाश काम करत राहतं. त्यामुळे चांगली ग्यूझ वीस वर्षंही सहज टिकते आणि तेवढी वर्षं बदलत राहते. ब्रुअरीवाले स्वतःच दहा-वीस वर्षं पुढची तारीख छापतात.

आता हिशेब बघा. नवी 75 सेंटिलिटरची बाटली इथे बेल्जियममध्ये दहा-पंधरा युरोंच्या आसपास मिळते. तीच वीस-पंचवीस वर्षांची असेल तर शंभराच्या वर सहज जाते. काच तीच, बूच तसंच, आतला रंगही लांबून सारखाच. किमतीतला सगळा फरक कागदाच्या एका तुकड्यावर उभा असतो.

विक्रेता संग्राहकांच्या एका गटात ओळखीचा झाला. त्याने आधी मला अलीकडच्या सालच्या बाटल्या रास्त भावात विकल्या, त्याही ब्रसेल्समध्ये समोरासमोर भेटून. त्या पूर्णपणे खऱ्या होत्या. विश्वास बसवण्याची ही पद्धत लक्षात ठेवा. काही महिन्यांनी त्याचा मेसेज आला: काकांचं घर विकायला काढलंय, तळघरात 1998 च्या तीन बाटल्या निघाल्यात, भरल्यापासून जागच्या हललेल्या नाहीत. सोबत फोटो. धूळ, जाळी, आणि प्रत्येक बाटलीवर चुन्याचा पांढरा पट्टा. जुन्या तळघरांत आडव्या रचलेल्या बाटल्यांना असा पट्टा मारतात, म्हणजे हलवताना वरची बाजू कुठली ते कळतं आणि साका खालच्या बाजूला तसाच बसून राहतो. हा तपशील माहीत असलेला माणूस लबाड असेल, असं कुणाच्या मनात येईल? भाव प्रत्येकी 160 युरो. पैसे बँकेतून आगाऊ, पार्सल पोस्टाने. पार्सल वेळेवर आलं, बांधणीही उत्तम.

ब्रुअरीचं नाव इथे देत नाही. त्यांचा यात काडीचा दोष नाही.

माझ्या शेजारी एक निवृत्त फ्लेमिश गृहस्थ राहतात. त्यांच्याकडे त्याच ब्रुअरीची, त्याच सालची बाटली होती. त्यांनी ती तेव्हा स्वतः ब्रुअरीतून आणलेली आणि आजवर स्वतःच्या तळघरात ठेवलेली. दोन्ही एकत्र उघडून तुलना करायची ठरली. एकाच सालच्या दोन बाटल्या दोन तळघरांत कशा वेगळ्या वाढल्या हे बघायला मिळणं म्हणजे पर्वणीच. संदर्भासाठी त्याच ब्रुअरीची हल्लीची एक बाटलीही घेतली. तिन्ही दोन दिवस एकाच जागी, एकाच तापमानात उभ्या ठेवल्या, पेले सारखे घेतले.

आधी त्यांची उघडली. वरचं पत्र्याचं टोपण काढलं तर काचेच्या ओठावर गंजाची तपकिरी कडी, इतकी पक्की की ओल्या फडक्याने दोनदा पुसावी लागली. बूच ओढलं तर जवळजवळ आवाजच नाही. खालून गडद, भिजून काळपटलेलं, आणि वरपासून खालपर्यंत एकाच जाडीचं, खुंटीसारखं सरळ. पंचवीस वर्षं काचेच्या मानेत आवळून राहिलेल्या बुचात फुगायची ताकद उरत नाही. टेबलावर ठेवलं, तसंच राहिलं.

मग माझी. टोपणाला बाहेरून भरपूर गंज, पण त्याखालची काच लखलखीत. बूच सणसणीत आवाज करून निघालं. खालचं टोक फिकट, कोरडं, आणि आमच्या डोळ्यांदेखत पसरायला लागलं. थोड्याच वेळात त्याचा घेर बाटलीच्या तोंडाहून बराच मोठा झाला. शेजारी हल्लीच्या बाटलीचं बूच ठेवलं. दोन्ही जुळी भावंडं. शेजारच्या आजोबांनी ती तीन बुचं ओळीने मांडली आणि माझ्याकडे बघितलं. काही बोलायची गरज नव्हती.

चवीनेही तेच सांगितलं. त्यांची ग्यूझ गडद सोनेरी, फेस बारीक आणि लगेच बसणारा, आंबटपणा गोलावलेला, वाळल्या गवताचा आणि जुन्या लाकडाचा वास, शेवटी शेरीची आठवण करून देणारा कोरडेपणा. माझी तरतरीत, कच्च्या सफरचंदासारखी झणझणीत, फेस पेल्याबाहेर. बिअर म्हणून सुरेखच होती, हेही प्रामाणिकपणे सांगते. पण ती पंधरा युरोंची सुरेख बिअर होती.

उरलेल्या दोन बाटल्या उघडल्या नाहीत, पण रिकामी झालेली कोमट पाण्यात बुडवली. लेबल दोन मिनिटांत सुटलं, मागे शाळकरी डिंकाचा पांढरा चिकट थर. आणि त्याच्याखाली, त्याहून रुंद अशा दुसऱ्या लेबलच्या गोंदाची चौकट स्पष्ट दिसत होती. म्हणजे खऱ्या जुन्या बाटलीचं लेबल सोडवून नव्या बाटलीवर चढवलेलं. न उघडलेल्या एका बाटलीच्या मागे खाली बोटाएवढी चिठ्ठी राहून गेली होती: जव आणि गहू आहे, अशी ॲलर्जीची सूचना. युरोपीय संघात ही सूचना बंधनकारक झाली नोव्हेंबर 2005 मध्ये. 1998 मध्ये भरलेल्या आणि जागची न हललेल्या बाटलीवर ती आली कुठून?

हेच मी त्याला विचारलं. उत्तर आलं की नंतर एखाद्या दुकानाने चिकटवली असेल. मग तळघरातून न हललेली बाटली दुकानात कधी गेली, असं विचारल्यावर त्याने मला ब्लॉक केलं आणि गटातून नाव काढून घेतलं.

कायद्याच्या बाजूने काय होतं तेही सांगते, कारण यात बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. ऑनलाइन खरेदी चौदा दिवसांत परत करण्याचा युरोपीय हक्क व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालाला लागू होतो. विकणारा खाजगी माणूस असेल तर तो हक्क मिळत नाही. आगाऊ पाठवलेले पैसे बँकेला परस्पर मागे घेता येत नाहीत. मी स्थानिक पोलिसांकडे फसवणुकीची तक्रार नोंदवली. बुचं, लेबल, चिठ्ठीचा फोटो आणि सगळे मेसेज जोडले. तक्रारीचा क्रमांक मिळालाय, पैसे मिळालेले नाहीत.

खरेदी करायचीच असेल तर लेबलचा समोरून काढलेला फोटो काही उपयोगाचा नाही. लेबलच्या कडांचा तिरक्या उजेडातला फोटो मागा. जुन्या गोंदाची चौकट किंवा नव्या गोंदाची चमक तिथे दिसते. मागची बाजू, तळ आणि मानेतली पातळी दाखवायला सांगा. पंचवीस वर्षांत पातळी थोडी उतरलेली असणं साहजिक आहे. काठोकाठ भरलेल्या बाटलीबद्दल मला तरी आता शंका येईल. एकाच साठ्यातल्या अनेक बाटल्या घेत असाल तर एक समोर उघडायला सांगा आणि बूच हातात घेऊन बघा. खरा विक्रेता नाही म्हणणार नाही, पेलाही पुढे करेल.

साठवणीबद्दलही खोदून विचारा. अस्सल जुनी बाटलीसुद्धा उन्हाळाभर माळ्यावर तापली असेल तर गेली. मे 2009 मध्ये बेर्सेलच्या ड्री फोंटेनेन या ग्यूझ बनवणाऱ्या ब्रुअरीच्या गोदामात थर्मोस्टॅट बिघडला, उष्णता वाढत गेली, हजारो बाटल्या फुटल्या आणि उरलेल्यांतली बिअर ग्यूझ म्हणून विकण्याजोगी राहिली नाही. ती चालवणारे आर्मांड डेबेल्डर यांना ती ऊर्ध्वपातनाला द्यावी लागली. ज्या माणसाचं अख्खं आयुष्य यात गेलं त्याच्या गोदामात हे घडू शकतं, तर कुणाच्या गॅरेजचं काय सांगावं? अंधार, आडवी बाटली, बारा-पंधरा अंशांच्या आसपास स्थिर तापमान, एवढं हवं.

फळांच्या लॅम्बिकसाठी जुन्याचे पैसे मोजूच नका. क्रीकमधली चेरी, इतरांतली रासबेरी किंवा जर्दाळू पहिल्या एक-दोन वर्षांतच खरी बोलते; पुढे फळ विरतं आणि आंबटपणा उरतो. ‘वीस वर्षांची दुर्मिळ क्रीक’ या शब्दांनी भुलवणारे पुष्कळ आहेत. तसंच पुण्या-मुंबईला भेट म्हणून नेणाऱ्यांनी विशेष जपा. भारतात दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त नेता येतं, म्हणून लोक दोन भारी बाटल्या घेतात, त्या तिकडे कुठल्या तरी समारंभाला उघडतात, आणि तोवर विक्रेता गायब झालेला असतो. भेटीसाठी सरळ ब्रुअरीतून नवी बाटली घ्या. जुनी चाखायची असेल तर आइझरिंगन गावचं ‘ग्रोटे डोर्स्ट’ कॅफे आहे, किंवा जुना साठा बाळगणारं दुसरं एखादं जुनं कॅफे. तिथे बाटली तुमच्यासमोर उघडते, बूच टेबलावर येतं.

आणि तिथून उठताना रिकाम्या जुन्या बाटलीच्या लेबलवर पेनाने एक ठळक रेघ ओढा, किंवा कोपरा फाडा. या धंद्याचा कच्चा माल म्हणजे अशीच शाबूत लेबलं. आमच्या गटात काही जणांनी हे सुरू केलंय.

काकांच्या तळघरातल्या 1998 च्या बाटल्यांचा मेसेज तुम्हालाही आला असेल आणि त्या तुम्ही घेतल्या असतील, तर त्या उघडायची घाई करू नका, उघडल्या असतील तर बूच आणि लेबल टाकू नका. फोटो काढून तुमच्या भागातल्या पोलिसांकडे तक्रार द्या. एकाच माणसाविरुद्ध दोन-चार तक्रारी झाल्या तर तपासाला वजन येईल, असं मला चौकीतल्या अधिकाऱ्यानेच सांगितलं.