झुडपी बेडकांसाठी मॅक्रो: 60 की 100?

पावसाळ्यात रात्री आंबोलीला बेडूक बघायला जाणाऱ्यांची खरेदी बहुतेक याच प्रश्नापाशी अडते: मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची लेन्स, 60 मिलिमीटरची घ्यावी की 100 ची? क्रॉप सेन्सरवर, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, मी दोन्ही लेन्स वापरल्या आहेत. दोन्ही 1:1 देतात, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी उमटते, आणि शार्पनेसवरून भांडावं असं काही मला तरी दिसलं नाही.

60 हलकी. एका हातात छत्री सांभाळत दुसऱ्या हाताने फोटो निघतो, आणि आंबोलीच्या पावसात ही मोठीच सोय. शिवाय बेडकाबरोबर त्याचं झुडूपही चौकटीत येतं. झुडपी बेडकांच्या बऱ्याच जातींत अंड्यातून थेट इवलासा बेडूक निघतो, पाण्यात पोहणारं पिल्लू ही पायरीच नाही. त्यामुळे ते ओढ्यापासून लांब, कारवीच्या झुडपांतसुद्धा नांदतात. फोटोत झाडच नसेल तर ही गंमत कळणार कशी?

माझं घोडं अडलं ते पान हलण्यावर. 1:1 ला 60 च्या काचेपासून बेडूक जेमतेम नऊ-दहा सेंटीमीटरवर असतो, 100 च्या साधारण पंधरावर. आंबोलीचं नाव मिळालेला, 2009 साली नोंदला गेलेला झुडपी बेडूक तीन-साडेतीन सेंटीमीटरचा, म्हणजे प्रत्यक्षात आणखी मागे राहूनही काम होतं. पण दोन लेन्समधला फरक उरतोच. दाट कारवीत कॅमेरा, त्यावर फ्लॅश, फ्लॅशला उजेड मऊ करणारा डिफ्यूझर एवढं लटांबर पुढे सरकवलं की कुठली तरी काडी लागते, पान थरथरतं आणि गळ्याची पिशवी फुगवून ओरडणारा नर गप्प होतो. टॉर्च बाजूला वळवून थांबलं तर कधी पुन्हा सुरू होतो, कधी नाही. तो मादीला साद घालत असतो. आपल्या फोटोपायी त्याची रात्र फुकट जावी हे मला पटत नाही. 60 ने हे सतत व्हायचं. 100 आल्यापासून खूपच कमी झालं.

100 ने अंधारात बेडूक चौकटीत सापडायला वेळ लागतो, हे खरं. हात हलतो म्हणतात, पण फ्लॅश असताना मला तरी त्याचा त्रास नाही. तुमचा हात माझ्यापेक्षा हलका असेल तर 60 वरही निभेल.

फक्त मलबार ग्लायडिंग फ्रॉगच, म्हणजे झाडावरून तरंगत झेपावणारा बेडूकच, हवा असेल तर मात्र 60 घ्या. तो ऐसपैस, पाण्यावर झुकलेल्या फांद्यांवर बसणारा. त्याचं फेसाचं घरटं आणि खालचं डबकं एकाच फोटोत यायला हवं.